वाचकांचे प्रश्न : मूलपेशी, ग्रोथ फॅक्टर आणि हाड

मूलपेशींपासून (म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींपासून) हाड तयार करण्याविषयी आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम लांबवलं आहे, कारण त्यातल्याच तपशिलांवर विद्यार्थ्यांचे महिनेच्या महिने वाया जातात. ज्यांना पेशी वाढवायच्या नाहीत त्यांनी तो भाग ओलांडून पुढे गेलं तरी चालेल.

प्रश्न : मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये आपोआप जुळतं. मग बाहेरून ग्रोथ फॅक्टर द्यायची गरज काय? आणि तो नक्की करतो काय? (निवृत्त शिक्षक, सातारा)

हाड आपोआप जुळतं, कारण ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला आणि बदलायला सांगणारी प्रथिनं, शरीर स्वतःच सोडत असतं. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. त्या गुठळीतल्या प्लेटलेट्समधून पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा ही प्रथिनं बाहेर पडतात, आसपासच्या मूलपेशी तिकडे ओढल्या जातात आणि त्यांची संख्या वाढते. व्हीईजीएफमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. आणि बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन्स, म्हणजे बीएमपी, जमलेल्या पेशींना हाडाच्या वाटेला लावतात. तुटलेली टोकं किंचित हलत असतील तर आधी कूर्चा तयार होते आणि मग तिचं हाड होतं. टोकं घट्ट बसवलेली असतील तर कूर्चेचा टप्पा बराचसा टळतो.

बीएमपीचा माग लागला तो १९६५ साली. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अस्थिशल्यविशारद मार्शल यूरिस्ट यांनी हाडातला कॅल्शियमचा भाग आम्लात विरघळवला आणि उरलेला मऊ सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत बसवला. काही आठवड्यांत तिथे, स्नायूच्या मधोमध, नवं हाड तयार झालं. सांगाड्यात काहीतरी शिल्लक होतं आणि ते तिथल्या साध्या पेशींना अस्थिपेशी व्हायला लावत होतं. त्या पदार्थाला बीएमपी हे नाव १९७१ मध्ये मिळालं. त्याची जनुकं जॉन वोझ्नी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये वेगळी केली. तिथून पुढे हे प्रथिन कारखान्यात तयार करता येऊ लागलं.

ग्रोथ फॅक्टर स्वतः हाडाचा कणही बनत नाही. बांधकामावरच्या मुकादमाइतकंच त्याचं काम. बीएमपी-२ पेशीच्या बाहेरच्या ग्राहींना चिकटतं, त्यामुळे आत स्मॅड-१, ५ आणि ८ ही प्रथिनं जागी होतात, स्मॅड-४ ला सोबत घेऊन केंद्रकात शिरतात आणि रनएक्स-२ नावाचं जनुक चालू होतं. त्यानंतर ऑस्टेरिक्स, मग कोलॅजन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि शेवटी ऑस्टिओकॅल्सिन. रनएक्स-२ काढून टाकलेल्या उंदरांचा सांगाडा कूर्चेचाच राहतो, त्यात हाड होतच नाही. हे १९९७ मध्ये दिसलं.

बाहेरून मदत लागते ती फट फार मोठी असेल, भोवतीचं मांस आणि रक्तपुरवठा गेला असेल किंवा जंतुसंसर्गाने पेशी मेल्या असतील तेव्हा. साध्या मनगटाच्या फ्रॅक्चरला कुणी ग्रोथ फॅक्टर सुचवला तर कारण विचारा.

प्रश्न : बोन मॅरोतल्या मानवी मूलपेशींना २१ दिवस ऑस्टिओजेनिक मीडियम आणि बीएमपी-२ दिलं. एका प्लेटमध्ये पेशींचा पापुद्रा सुटून आला, दुसरीत पाचव्या दिवशीच लाल डाग दिसले, तिसरीत काहीच नाही. चुकतंय कुठे? (एम.एस्सी. जैवतंत्रज्ञान विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

तिन्ही प्लेट्सचं दुखणं वेगळं आहे. आधी मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव, तपासू.

१०० मिलिलिटरसाठी : अल्फा-एमईएम किंवा कमी ग्लुकोजचं डीएमईएम ८९ मिलिलिटर, सीरम १० मिलिलिटर, अँटिबायोटिक १ मिलिलिटर. त्यात तीन गोष्टी. डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर : इथेनॉलमध्ये १ मिलिमोलर स्टॉक करा (१० मिलिलिटरला ३.९ मिलिग्रॅम) आणि त्यातले फक्त १० मायक्रोलिटर घाला. अ‍ॅस्कॉर्बेट-२-फॉस्फेट ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे एकूण ५ मिलिग्रॅम. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर. हे शेवटचं वजन करताना बाटलीवरचा रेणूभार वाचा : निर्जल मीठ असेल तर २१६ मिलिग्रॅम, पाच रेणू पाणी असलेलं असेल तर ३०६ मिलिग्रॅम. गटातल्या जुन्या वहीतला आकडा तसाच उतरवून घेतला की इथेच मात्रा चुकते. साधं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड वापरू नका. ३७ अंशांवर ते एका दिवसात बहुतांशी निकामी होतं, फॉस्फेट जोडलेलं रूप टिकतं. अल्फा-एमईएममध्ये मुळातच अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड असतं, हे कंट्रोल (तुलनेचे खाने) ठरवताना ध्यानात ठेवा.

चोवीस खान्यांच्या प्लेटचा एक खाना १.९ चौरस सेंटिमीटरचा. त्यात १० ते २० हजार पेशी, अर्धा मिलिलिटर मीडियम. पेशींनी ७० ते ८० टक्के जागा व्यापली की ऑस्टिओजेनिक मीडियम सुरू करायचं आणि दर तिसऱ्या दिवशी बदलायचं.

आता पापुद्रा. अ‍ॅस्कॉर्बेटमुळे पेशी भरपूर कोलॅजन सोडतात, ते ताणलं जातं आणि दाटीवाटीने वाढलेला थर कडेने उचलला जातो. सुरुवातीला पेशी फार घातल्या किंवा खाना पूर्ण भरल्यावर मीडियम सुरू केलं की हे हमखास होतं. पेशी कमी घाला, खान्याला आधी ०.१ टक्का जिलेटिन लावून घ्या आणि मीडियम बदलताना खाना पूर्ण कोरडा करू नका. निम्मंच मीडियम काढायचं आणि नवं भिंतीवरून सोडायचं. धुतानाही तसंच. दोन आठवडे सांभाळलेला थर शेवटच्या धुण्यात जातो तो पिपेटची धार थेट पेशींवर सोडल्यामुळे.

पाचव्या दिवशीचा लाल रंग हा आनंदाचा प्रसंग नाही. अलिझारिन रेड हे रंगद्रव्य कॅल्शियमला चिकटतं. ते कॅल्शियम जिवंत पेशींनी कोलॅजनवर रचलेलं आहे की नुसतं साचलेलं आहे, हे त्याला कळत नाही. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलरच्या वर गेलं, तर अल्कलाइन फॉस्फटेज त्यातून फॉस्फेट सोडवतं आणि कॅल्शियम फॉस्फेट आपोआप साचतं. मेलेल्या पेशींवरही ते साचतं. म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये दोन खाने पेशींविना, पण तेच मीडियम घालून ठेवा. ते लाल झाले तर बाकीच्या निकालाला किंमत नाही. आणि दोन-तीन खान्यांत पेशी असू द्या, पण साधं मीडियम द्या. हे कंट्रोल नसलेला अलिझारिनचा फोटो परीक्षकाने बघू नये असं आमचं मत आहे.

तिसऱ्या प्लेटमध्ये काहीच दिसलं नाही, तिथे संशयित तीन. पहिला, पेशींचं वय : चौथ्या-पाचव्या पॅसेजनंतर (पेशी नव्या प्लेटमध्ये हलवण्याच्या फेरीनंतर) मानवी एमएससींची, म्हणजे बोन मॅरोतल्या या मेसेन्कायमल मूलपेशींची, हाडाकडे वळण्याची क्षमता घसरते. दुसरा, सीरमचा लॉट. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो, त्यामुळे नमुन्याची बाटली मागवून चाचणी केल्याशिवाय मोठी खरेदी नको. तिसरा, दाता. काही दात्यांच्या पेशी हाडाऐवजी चरबीकडे झुकतात. सूक्ष्मदर्शकात चमकदार थेंब दिसले तर ऑइल रेड ओ हे चरबी रंगवणारं द्रव्य वापरून खात्री करा. डेक्सामेथासोनचा एक शून्य चुकून १ मायक्रोमोलर झालं असेल, तरी चरबीच जास्त दिसते.

मुळात त्या पेशी एमएससी आहेत ना, हेही पाहिलेलं असावं. २००६ साली ठरलेले आंतरराष्ट्रीय निकष असे : प्लास्टिकला चिकटणाऱ्या, सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ या खुणा ९५ टक्क्यांहून अधिक पेशींवर, सीडी४५, सीडी३४ अशा रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांच्या आत, आणि हाड, चरबी, कूर्चा या तिन्हींकडे वळू शकणाऱ्या.

आणि बीएमपी-२. पत्रात ते वापरूनही फरक नाही असं म्हटलं आहे. उंदरांच्या पेशींवरचे निबंध वाचून मानवी पेशींकडून तीच अपेक्षा केली जाते, खरा घोटाळा तिथे आहे. उंदराची सी२सी१२ ही स्नायूपेशी ३०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर बीएमपी-२ दिलं की काही दिवसांत अल्कलाइन फॉस्फटेज दाखवू लागते. मानवी एमएससी एकट्या बीएमपी-२ ला फारशी दाद देत नाहीत. त्यांना डेक्सामेथासोनची जोड लागते. शिवाय त्या नॉगिनसारखी बीएमपीला अडवणारी प्रथिनं स्वतःच तयार करतात. त्यामुळे १०० नॅनोग्रॅमपासून सुरुवात करा, डेक्सामेथासोन असलेले आणि नसलेले असे दोन्ही गट ठेवा आणि उंदराच्या पेशी एका कोपऱ्यात पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लावा. त्या चालल्या आणि मानवी चालल्या नाहीत, तर प्रथिन ठीक आहे असं समजा. दोन्ही चालल्या नाहीत तर कुपी बिघडली आहे.

कुपी बिघडते ती बहुधा विरघळवताना. बीएमपी-२ तटस्थ पीएचला नीट विरघळत नाही. जिवाणूंमध्ये बनवलेलं तर त्याबाबत जास्तच हट्टी. कुपी आधी सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवून घ्या, म्हणजे झाकणाला चिकटलेली पूड खाली येते. मग ०.१ टक्का अल्ब्युमिन असलेल्या ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर करा; १० मायक्रोग्रॅमच्या कुपीला १०० मायक्रोलिटर. सोबतच्या पत्रकात वेगळं लिहिलं असेल तर पत्रकाचं ऐका. व्होर्टेक्स नको. लगेच १०-१० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला ठेवा आणि एक भाग एकदाच वितळवा. मीडियममध्ये १ मिलिलिटरला १ मायक्रोलिटर घातलं की १०० नॅनोग्रॅम होतात. अल्ब्युमिन घातलं नाही तर प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटून राहतं आणि पेशींपर्यंत किती पोचलं याचा पत्ता लागत नाही.

बाकी घटकांची वेळ सांभाळा. एफजीएफ-२ ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर दिलं की पेशी भराभर वाढतात आणि मूलपेशीच राहतात. ते वाढीच्या टप्प्यात द्या आणि हाडाकडे वळवताना बंद करा. टीजीएफ-बीटा१ सुरुवातीला पेशींना मदत करतं, पण पुढे खनिज साचण्याच्या टप्प्याला अडथळा आणतं. सगळे घटक पहिल्या दिवसापासून एकत्र ओतले की ते एकमेकांच्या वाटेत येतात.

रंगवताना : ४ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं. अलिझारिन २ ग्रॅम १०० मिलिलिटरला, पीएच ४.१ ते ४.३ पातळ अमोनियाने आणून, गाळून, २० मिनिटं. पीएच एवढ्यात नसेल तर रंग सगळीकडे पसरतो. धुतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत चार-पाच वेळा धुवा. आकडा हवा असेल तर १० टक्के सेटिलपिरिडिनियम क्लोराइडमध्ये रंग सोडवून ५६२ नॅनोमीटरला वाचा.

आणि केवळ अलिझारिनवर "हाड झालं" असं लिहू नका. रनएक्स-२ पहिल्या आठवड्यात, अल्कलाइन फॉस्फटेज ७ ते १४ दिवसांत, ऑस्टिओकॅल्सिन तिसऱ्या आठवड्यात. ही क्रमवारी दिसली तर म्हणण्यात जोर येतो. खनिज खरोखर हायड्रॉक्सीअपेटाइट आहे का हे एक्स-रे डिफ्रॅक्शनने कळतं; त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण १.६७ असतं. पद्धत हातात बसेपर्यंत महागड्या दात्याच्या पेशी जाळू नका. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून प्रस्थापित पेशी मागवता येतात. फक्त त्यांतल्या एमजी-६३ या पेशींवर खनिज नीट साचत नाही. त्या कामाला साओस-२ बरी.

प्रश्न : प्रयोगशाळेत नॅनोग्रॅम पुरतात, मग ऑपरेशनमध्ये मिलिग्रॅम का लागतात? एवढी मात्रा धोक्याची नाही का? (एमडीएस विद्यार्थी, कराड)

आहे. मानवी शरीरात बीएमपी-२ फार झपाट्याने वाहून जातं आणि मोडतं, त्यामुळे ते धरून ठेवायला वाहक लागतो. अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळालेल्या इन्फ्यूज या उत्पादनात गाईच्या कोलॅजनचा स्पंज आणि १.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बीएमपी-२ असं द्रावण असतं. मोठ्या किटमध्ये एकूण १२ मिलिग्रॅम. हाडात नैसर्गिकरीत्या जेवढं सापडतं त्याच्या कितीतरी पट. स्पंजातून बरंचसं प्रथिन सुरुवातीच्या दिवसांतच सुटतं, तर पेशींना हवं असतं कमी मात्रेत पण आठवडाभर आणि पुढेही. ही तफावत भरून काढायला मात्रा वाढवली गेली, असा आमचा समज आहे, आणि दुष्परिणामांचं मूळही त्यातच आहे.

स्पंज भिजवल्यावर निदान १५ मिनिटं थांबायचं आणि दोन तासांच्या आत बसवायचा. तो पिळायचा नाही आणि बसवल्यावर जखम सलाइनने धुवायची नाही. पिळलं किंवा धुतलं की प्रथिन नको त्या जागी जातं आणि तिथे हाड तयार होतं.

मानेच्या मणक्यात वापरल्यावर घशाला सूज येऊन श्वास अडकल्याच्या घटनांमुळे अमेरिकेच्या एफडीएने २००८ च्या जुलैमध्ये इशारा दिला. याशिवाय कण्याच्या नलिकेत जादा हाड, बसवलेल्या पिंजऱ्याभोवतीचं हाड तात्पुरतं झिजणं, द्रवाच्या गाठी. कंपनीच्या पैशांतून झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासांनी हे दुष्परिणाम फार कमी दाखवले होते, अशी जाहीर टीका २०११ मध्ये झाली. मग येल विद्यापीठाच्या पुढाकाराने मूळ माहितीची दोन स्वतंत्र गटांकडून फेरतपासणी झाली. २०१३ मध्ये आलेला निष्कर्ष असा की, कमरेच्या हाडाच्या कलमापेक्षा ठोस फायदा दिसत नाही. गरोदरपण, वाढीच्या वयातली हाडं, त्या जागी असलेली किंवा काढलेली गाठ आणि चालू जंतुसंसर्ग, इथे ते वापरायचं नाही. तुमच्या क्षेत्रातली, म्हणजे दंतशल्यातली, मान्यता २००७ ची आहे : सायनस लिफ्ट आणि दात काढलेल्या खाचेभोवतीची कड वाढवणं, एवढ्यापुरती.

प्रश्न : इम्प्लांट बसवताना डॉक्टरांनी माझ्याच रक्तातून "ग्रोथ फॅक्टर" काढून घातला आणि वेगळे पैसे घेतले. त्याने हाड वाढतं का? (गृहिणी, ठाणे)

ते बहुधा पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन, असावं. दहा मिलिलिटर रक्त, गोठू नये म्हणून औषध न घालता, सुमारे ४०० जी बलाने १२ मिनिटं फिरवतात. मधोमध जेलीसारखी गुठळी तयार होते. तिच्यात पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा आणि व्हीईजीएफ असतात. मूलपेशींना हाडाकडे वळवणारं मुख्य प्रथिन, म्हणजे बीएमपी, तिच्यात नगण्य. त्यामुळे हिरडी लवकर भरणं, दाढ काढल्यावरच्या कोरड्या खाचेचा त्रास कमी होणं, इथे तिचा उपयोग बऱ्यापैकी दिसला आहे. नुसत्या पीआरएफने जबड्याचं हाड उंच होईल ही अपेक्षा मात्र जास्त आहे. हाडाच्या दाण्यांना एकत्र धरायला ती मिसळतात, ते योग्य.

रक्त काढल्यापासून नळी यंत्रात जायला दोन मिनिटांहून जास्त वेळ गेला की आधीच गोठलेलं रक्त फिरवलं जातं आणि गुठळी विरविरीत येते. पैसे ऐच्छिक आहेत का, हे विचारायला संकोच नको.

प्रश्न : वडिलांच्या नडगीचं हाड दहा महिने झाले तरी जुळलेलं नाही. एका ठिकाणी बोन मॅरोचं इंजेक्शन सुचवलं, दुसरीकडे कमरेचं हाड काढून लावू म्हणाले. काय करावं? (बँक कर्मचारी, सोलापूर)

नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेमध्ये काहीच प्रगती नाही, तर त्याला न जुळलेलं हाड समजतात. इंजेक्शन की कलम, हा प्रश्न त्यानंतरचा. आधी न जुळण्याचं कारण शोधा. रॉड किंवा प्लेट ढिली आहे का? आत जंतुसंसर्ग आहे का (ईएसआर, सीआरपी या रक्तचाचण्या, गरज पडल्यास आतल्या उतीचं कल्चर)? साखर आटोक्यात आहे का? ड जीवनसत्त्व किती? आणि तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात हे पक्कं माहीत आहे. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि ते मिश्रीतूनही शरीरात जातंच. हलणाऱ्या किंवा पू असलेल्या फटीत कितीही मूलपेशी सोडल्या तरी त्या टिकत नाहीत.

हे सगळं ठीक असेल, हाड नीट रेषेत असेल आणि फट लहान असेल, तर मॅरोचं इंजेक्शन हा वाजवी पर्याय आहे. फ्रान्समधल्या फिलिप एर्निगू यांच्या २००५ च्या अभ्यासात नडगीच्या अशा ६० रुग्णांपैकी ५३ जणांचं हाड जुळलं. ज्यांचं जुळलं त्यांना दर मिलिलिटरमागे १,५०० हून अधिक आणि एकूण सुमारे ५५ हजार पूर्वजपेशी मिळाल्या होत्या. उरलेल्या सातांना एकूण १९ हजारांच्या आसपास. म्हणजे निकाल मात्रेवर ठरला. आणि मात्रा ठरते मॅरो काढण्याच्या हातोटीवर : एका जागेवरून २ मिलिलिटरपेक्षा जास्त ओढलं की पुढे येतं ते साधं रक्त. सुईची जागा सतत बदलत थोडं-थोडं काढायचं आणि मग सेंट्रिफ्यूजने दाट करायचं. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : किती जागांवरून काढणार, आणि दाट केल्यावर पेशी मोजता का. एकाच जागी सुई खुपसून पन्नास मिलिलिटर ओढलं जाणार असेल, तर कमरेच्या हाडाचं कलम बरं.

त्या कलमात जिवंत पेशी, ग्रोथ फॅक्टर आणि सांगाडा हे तिन्ही एकत्र असतात. काढल्या जागी काही महिने दुखतं आणि मिळणारं हाड मर्यादित असतं, हे त्याचे तोटे. दोन सेंटिमीटरच्या पुढच्या फटीला नुसतं इंजेक्शन घेऊ नका.

प्रश्न : प्रिंटरवर अख्खं हाड छापून, त्यात मूलपेशी भरून बसवता येईल का? आणि "ग्रोथ फॅक्टर" असलेली पावडर दुधातून घेतली तर फायदा होतो का? (बारावीचा विद्यार्थी, रत्नागिरी)

सांगाडा छापता येतो, पेशीही भरता येतात. अडतं रक्तापाशी. जवळच्या रक्तवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रोमीटरपेक्षा लांब असलेल्या पेशीला ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे मोठ्या तुकड्याच्या आतल्या पेशी बसवल्यानंतर काही दिवसांतच मरतात. म्हणून सांगाड्यातली छिद्रं ३०० मायक्रोमीटरहून मोठी ठेवतात, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरू शकतात. तीन रुग्णांच्या ४ ते ७ सेंटिमीटरच्या फटी सच्छिद्र हायड्रॉक्सीअपेटाइट आणि त्यांच्याच वाढवलेल्या पेशी वापरून भरल्या होत्या. ते २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. हाड जुळलं, पण हायड्रॉक्सीअपेटाइट वर्षानुवर्षं विरघळत नाही. बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट विरघळतं, मात्र ते हाड होण्याआधीच विरघळलं तर पोकळी उरते. वेग जुळवणं हेच तिथलं कठीण काम.

पावडरचा फायदा होत नाही. ही प्रथिनं पोटात इतर कुठल्याही प्रथिनासारखी पचतात. प्रौढाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळतं. भाकरी खा.

प्रश्न : मूलपेशींनी गुडघा, खुबा, मणका "नवा" करून देतो अशा जाहिराती येतात. शिवाय बाळाच्या नाळेचं रक्त आणि दुधाचे दात साठवून ठेवा असंही सांगतात. कायदा काय म्हणतो? (वाचक, पुणे)

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं रक्तमूलपेशी-रोपण सोडलं, तर मूलपेशींचा रुग्णावरचा वापर हे संशोधन आहे. ते मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करायचं, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. अपवाद औषध नियंत्रकांनी विक्रीला परवानगी दिलेल्या उत्पादनांचा. रुग्णाच्याच अस्थिपेशी प्रयोगशाळेत वाढवून खुब्याच्या रक्तपुरवठा तुटलेल्या गोळ्यात सोडण्याच्या अशाच एका उत्पादनाला २०१७ मध्ये परवानगी मिळाली. पैसे मागितले जात असतील, तर उत्पादनाचं नाव आणि परवानगीचा कागद मागा.

नाळेच्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात. हाडासाठी ते साठवण्यात अर्थ नाही. परवाना फक्त नाळेच्या रक्ताच्या बँकेला मिळतो. दातांचा गर, नाळेची उती, चरबी यांची व्यावसायिक बँक चालवायला त्याच तत्त्वांनुसार परवानगी नाही.

चाचणी आहे असं सांगितलं तर सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक, नैतिक समितीच्या मंजुरीची प्रत आणि औषध नियंत्रकांची परवानगी अशा तीन गोष्टी मागा. क्रमांक सीटीआरआयच्या संकेतस्थळावर टाकला की चाचणीचं ठिकाण, आजार आणि प्रमुख संशोधकाचं नाव दिसतं. ते समोरच्या डॉक्टरांशी आणि तुमच्या आजाराशी जुळतं का ते पाहा. नुसता क्रमांक असणं म्हणजे उपचाराला मान्यता मिळाली असं नाही.